वडिलांच्या विसराळूपणासाठी ब्राह्मी-शंखपुष्पीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

गिरणाकाठ (चाळीसगाव) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझे वडील, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, ६९ वर्षांचे आहेत आणि माध्यमिक शाळेतून गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. गेल्या सहा-सात महिन्यांपासून त्यांना विसर पडू लागला आहे. सुरुवातीला चष्मा आणि किल्ल्या एवढ्यावरच होते. परवा मात्र त्यांनी दुपारी कापसाचे पैसे जमा झाले का असे विचारले, मी झाले म्हणून सांगितले, आणि चहाला उकळी येईपर्यंत त्यांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारला. पावकी, निमकी, दीडकी मात्र आजही घडाघडा येतात.

सुरतेला राहणाऱ्या मेहुण्याने त्यांच्यासाठी कॅप्सूलची एक डबी पाठवली असून तिच्यावर ब्राह्मी, शंखपुष्पी आणि गिंको (एका चिनी झाडाच्या पानांचा अर्क) अशी नावे आहेत. शिवाय शेजारच्या जिभाऊंनी आठवडी बाजारातून ‘अस्सल ब्राह्मी’ म्हणून वाळलेल्या पाल्याची पुडी आणून दिली आहे. दोन वर्षांपूर्वी नानांना स्टेंट बसवलेला आहे, त्यामुळे अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रोज सुरू आहे. अकरा वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि बऱ्याच वर्षांपासून सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळीही चालू आहे. नाना माळकरी आहेत, त्यामुळे मांसाहार आणि अंडी पूर्ण वर्ज्य. पुढच्या महिन्यात त्यांची एक दाढ काढायची आहे.

या दोहोंपैकी काय निवडावे, किती द्यावे आणि दुधाबरोबर द्यावे की पाण्याबरोबर, हे जाणकारांनी सांगावे.

वैद्य, धुळे

गिरणाकाठ भाऊ, आधी पुडीबद्दल लिहितो, कारण ‘अस्सल ब्राह्मी’ या दोन शब्दांवर निम्मा घोळ होतो. महाराष्ट्रात ब्राह्मी या नावाने दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. एक नीरब्राह्मी, जिला वनस्पतिशास्त्रात बाकोपा मोनिएरी म्हणतात: ओलसर, दलदलीच्या जागी जमिनीलगत पसरते, पाने लहान, जाड, रसाळ, देठाकडे निमुळती आणि टोकाला बोथट, फूल पांढरट किंवा फिकट निळसर, चव चांगलीच कडू. दुसरी मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका, जिला आपल्याकडे कारिवणा असेही म्हणतात: पान गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला बारीक दाते असलेले, लांब देठावर एकेकटे उभे राहणारे. ओली असताना दोन पाने वर्तमानपत्रावर शेजारी ठेवली तर लहान मूलही फरक सांगेल. वाळून चुरा झाल्यावर मात्र तो फरक डोळ्यांना कळणे कठीण असते, म्हणून जिभाऊंचा हेतू चांगला असला तरी त्या पुडीत नेमके काय आहे हे मी पाहूनही छातीठोकपणे सांगणार नाही.

शंखपुष्पीची गत याहून वाईट आहे. त्या एका नावाखाली कॉन्व्हॉल्व्हुलस, विष्णुक्रांता आणि काही प्रांतांत चक्क गोकर्णीही दिली जाते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात चार मेध्य, म्हणजे बुद्धी-स्मृती वाढवणारी, रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा रस), दुधाबरोबर यष्टिमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटलेला गोळा). ग्रंथाचा आधार आहे म्हणून बाटलीतील माल तोच आहे, असे मात्र होत नाही.

आता परिणामाचे. नीरब्राह्मीवर माणसांमध्ये झालेल्या अभ्यासांपैकी अनेकांत प्रमाणित अर्क रोज ३०० मिलिग्रॅम, साधारण १२ आठवडे दिला गेला. त्यांतील काहींत नव्याने शिकलेले लक्षात राहण्यात थोडी सुधारणा दिसली. हे अभ्यास लहान होते आणि त्यांतले बरेच निरोगी माणसांवर झाले. आठ दिवसांत फरक दिसेल, असे कोणी सांगत असेल तर त्याने ते अभ्यास वाचलेले नाहीत. शिवाय ३०० मिलिग्रॅम अर्क आणि ३०० मिलिग्रॅम चूर्ण या सारख्या मात्रा नव्हेत. नीरब्राह्मीने मळमळ, पोटात मुरडा आणि वारंवार शौचाला होणे हे त्रास होऊ शकतात, म्हणून ती जेवणानंतर घेणे बरे. ज्यांची नाडी मंद चालते त्यांनी आणि स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नये.

तरी नानांना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी त्यांना काही सुचवणार नाही. सहा-सात महिन्यांत वाढत गेलेला विसर हा आधी निदानाचा विषय आहे.

केळीबाग (शिरपूर)

माझ्या आजीने आयुष्यभर कारिवण्याची चटणी खाल्ली आणि ८८व्या वर्षी तिला गावातल्या प्रत्येक घराचे देणे-घेणे तोंडपाठ होते. उगाच घाबरवू नका, घरचा पाला आहे, विष नव्हे.

वैद्य, धुळे

केळीबाग, आजीची चटणी मीही आवडीने खाईन. भाकरीबरोबर घासभर पाला आणि हृदयाच्या दोन गोळ्यांवर रोज घेतलेला घट्ट अर्क, हा फरक तेवढा ध्यानात असावा.

औषधाच्या दुकानात, जळगाव

मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे आणि बावीस वर्षे काउंटरवर उभा आहे. भाऊ, तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट वाचून मी थबकलो, ती म्हणजे गिंको. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या रक्तातील बिंबाणूंना एकमेकांना चिकटू देत नाहीत, म्हणून स्टेंट मोकळा राहतो. गिंकोमुळेही रक्तस्राव वाढण्याचा धोका सांगितला जातो. त्यात तुम्ही दाढ काढायची आहे म्हणता. ही डबी सुरू करू नका, आणि सुरू झालीच असेल तर दंतवैद्यांना आजच तसे सांगा. शस्त्रक्रियेच्या किंवा दात काढण्याच्या साधारण दोन आठवडे आधी गिंको बंद करण्यास सांगतात. क्लोपिडोग्रेल मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही चुकवू नका; दाढेसाठी ती थांबवायची की नाही हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. ‘दात काढायचा म्हणून चार दिवस बंद केली’ असे सांगणारे लोक माझ्याकडे येतात तेव्हा माझ्याच छातीत धस्स होते.

गिंकोचा स्मरणशक्तीला उपयोग तरी किती, याचे उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात मिळते. ७५ वर्षांवरील ३,०६९ लोकांपैकी काहींना दिवसातून दोन वेळा १२० मिलिग्रॅम गिंको अर्क आणि इतरांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी सुमारे सहा वर्षे दिली गेली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: स्मृतिभ्रंशाचे प्रमाण गिंकोने कमी झाले नाही.

डबीचे लेबल भिंगाने वाचा. आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर तसे लिहिलेले असते आणि उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख व घटकांची यादी असते. अन्नपूरक म्हणून विकलेले असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो आणि हे औषधी वापरासाठी नाही, अशी सूचनाही असते. म्हणजे आकर्षक चित्राखाली स्मरणशक्तीचे गोडवे गाणारी डबी मागच्या बाजूला स्वतःच कबुली देते. प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम आहे आणि तो चूर्ण आहे की अर्क, हे स्वतंत्रपणे लिहिलेले हवे. नुसते ‘खास मिश्रण’ आणि एकच मोठा आकडा असेल तर ती डबी मी माझ्या घरच्यांसाठी घेणार नाही. जड धातूंची भीतीही पोकळ नाही: २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते.

स्मरणशक्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या सारस्वतारिष्ट या पातळ आयुर्वेदिक औषधाबद्दलही लोक विचारतात, म्हणून सांगून ठेवतो. अरिष्टात आंबवण्याने आपोआप तयार झालेले मद्यार्क असते आणि गोडवाही असतो, त्यामुळे मधुमेह असलेल्या नानांसाठी तो माझा पहिला पर्याय नसेल. आणि डबी कोणतीही असो, आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या फडताळात ठेवू नका. कॅप्सूल एकमेकींना चिकटून लाडू होतात.

बोरीकाठची ताई (अमळनेर)

दादा, शंखपुष्पीबद्दल मला लिहावेसे वाटते, कारण ते आमच्या घरी घडले आहे. माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून फेफरे येते आणि फेनिटॉइनच्या गोळीवर तो चार वर्षे अगदी ठीक होता. बारावीच्या वर्षी आईने त्याला बुद्धिवर्धक म्हणून शंखपुष्पीचे सरबत सुरू केले. कोणते ते लिहीत नाही. ते घरोघरी असते आणि चूक आमची होती. तीन आठवड्यांनी, ऐन सराव परीक्षेच्या सकाळी, त्याला अंगणात झटका आला. गोळी चुकली नव्हती, डबीतल्या गोळ्या आम्ही मोजून पाहिल्या. डॉक्टरांनी रक्तातील औषधाची पातळी तपासली तेव्हा ती नेहमीच्या निम्म्यावर आली होती. त्यांनी विचारले, नवीन काय सुरू केले? आई म्हणाली, औषध काहीच नाही, फक्त सरबत.

नंतर कळले की शंखपुष्पीने फेनिटॉइनची पातळी घटते हे मुंबईत झालेल्या अभ्यासातून १९९२ सालीच प्रसिद्ध झाले होते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, काढे एका पिशवीत घालून न्यावेत, कारण ‘औषधे कोणती घेता’ या प्रश्नाला आपल्याकडचा कोणीही माणूस सरबताचे नाव सांगत नाही.

आणखी एक. नाना माळकरी आहेत, अकरा वर्षे मेटफॉर्मिन घेतात आणि रोज पित्ताची गोळीही घेतात. या तिन्ही गोष्टी ब जीवनसत्त्व १२ कमी होण्याकडे नेणाऱ्या आहेत, आणि ते कमी झाले की विसर पडतो, हातापायांना मुंग्याही येतात. थायरॉइड, झोप, ऐकू कमी येणे आणि मनाचा उदासपणा हेही तपासून घ्या. माझ्या सासऱ्यांना आम्ही वर्षभर विसराळू समजत होतो; कानाचे यंत्र बसवल्यावर कळले की अर्धे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हते.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सर्वांचे मनापासून आभार. दोन महिन्यांनी लिहितो आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे सगळ्या बाटल्या आणि पुड्या कापडी पिशवीत घालून नानांना डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारले, आणि कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितली. घड्याळ नानांनी कंपासने काढल्यासारखे गोल काढले, काटेही बरोबर दाखवले, पण तिसरा शब्द त्यांना आठवला नाही. रक्तात बी-१२ चे प्रमाण १४२ आले, तेथील प्रयोगशाळेच्या कागदावर किमान मर्यादा २०० च्या वर होती. इंजेक्शनांचा कोर्स सुरू आहे, पित्ताची गोळी खरोखर लागते का हेही ते तपासत आहेत, आणि तीन महिन्यांनी स्मरणाची चाचणी पुन्हा होणार आहे. प्रश्न पुन्हा विचारणे थोडे कमी झाले आहे. पूर्ण थांबलेले नाही. दाढ हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने, गोळ्या न थांबवता काढली आणि रक्त नीट थांबले.

पुडी जिभाऊंना परत करणे जमले नाही, ती तशीच कपाटात आहे. सुरतेची डबी उघडलीच नाही. तिचे लेबल मात्र फार्मासिस्ट दादांच्या सांगण्यावरून नानांनाच भिंग देऊन वाचायला लावले. त्यांनी पेन्सिलीने वर्तमानपत्राच्या कडेला ब्राह्मी २५०, शंखपुष्पी २००, गिंको १२० असे एकाखाली एक लिहिले, खाली रेघ ओढली आणि मला हाक मारून म्हणाले, “अरे, कॅप्सूल पाचशेची आहे म्हणतो हा माणूस, आणि आतले पाचशे सत्तर होतात.”