मदत हवी आहे: माळ्यावर सापडलेल्या एचडी डीव्हीडी आता कशावर लावायच्या?

माळेकर

मंडळी, आमची लालबागची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर खोली रिकामी करून द्यायची आहे म्हणून रविवारी माळा उतरवला. तांब्याचा बंब, मखराचं थर्माकोल, कुणाचे ते ठाऊक नाही असे दोन पितळी डबे, आणि तळाशी जुन्या टॉवेलात गुंडाळलेला माझा तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर. मॉडेल एचडी-ए२. सोबत लाल प्लास्टिकच्या डब्यांतल्या २३ डिस्क.

पार्श्वभूमी सांगतो, ज्यांना हसायचंय त्यांनी इथेच हसून घ्या. २००७ मध्ये कंपनीने मला न्यू जर्सीला पाठवलं होतं. तिकडे तेव्हा हाय-डेफिनिशन सिनेमांच्या डिस्कवरून दोन तट पडलेले. सोनी आणि मंडळींची ब्लू-रे, तोशिबाची एचडी डीव्हीडी. काही स्टुडिओ इकडे, काही तिकडे, त्यामुळे एकच प्लेअर घेतला तर अर्धे सिनेमे हुकायचे. २ नोव्हेंबरला वॉलमार्टने हा प्लेअर ९८ डॉलरना काढला आणि मी पहाटे रांगेत उभा राहून घेतला. माझा रूममेट सोलापूरचा. त्याने त्याच दिवशी ३९९ डॉलर टाकून प्लेस्टेशन ३ आणला, ब्लू-रेही चालवणारा गेम कन्सोल. मी त्याला उधळ्या म्हणालो. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर स्टुडिओने आपण फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात वर केले. साडेतीन महिने! त्यानंतर आमच्या जवळच्या दुकानात डिस्क टोपलीत टाकून विकायला लागले तेव्हा मी आणखी पंधरा उचलल्या. स्वस्त मिळतंय म्हटलं की आपला हात थांबतो का?

आता अडचण. मुंबईत आल्यावर मी हा अमेरिकेतला, १२० व्होल्टचा प्लेअर एका मित्राच्या ट्रान्सफॉर्मरवर चालवायचो. रविवारी हे साफ विसरलो आणि पिन बदलून सरळ भिंतीत लावला. टप्प असा आवाज, जळका वास. बायको म्हणाली, "माळा उतरवायला सांगितला होता, पेटवायला नाही."

तर हा दुरुस्त होईल का? लॅमिंग्टन रोडवरचा एक दुकानदार म्हणतो, कुठलाही ब्लू-रे प्लेअर घ्या, त्यात चालेल. खरं आहे का? टाकून द्यायच्या म्हटलं तर बावीस टाकेन, पण त्यात एक चार डिस्कचा निसर्गपटांचा संच आहे. मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. रात्री रडायला लागली की तिला मांडीवर घेऊन, आवाज बंद करून तोच लावायचो. आता ती बारावी झाली. तिला एकदा दाखवायचा आहे, तोच, तसाच.

दिवाभीत

चार डिस्कचा संच ठेवून बावीस कशा टाकणार? २३ वजा ४ करा आधी.

आमच्याकडे बीटामॅक्सच्या, म्हणजे व्हीएचएसपुढे हरलेल्या जुन्या व्हिडिओ प्रकारातल्या, सात कॅसेट आहेत. दोघं मिळून हरलेल्यांचं संग्रहालय काढू. तिकीट दहा रुपये.

खटपट्या

माळेकर, दुकानदाराचं ऐकू नका. चालणार नाही.

गोंधळ का होतो तर दोन्हींचा लेझर एकाच जातीचा, ४०५ नॅनोमीटरचा, निळसर जांभळा. फरक आहे तो खोलीचा. ब्लू-रेत माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो. एचडी डीव्हीडीत तो ०.६ वर, साध्या डीव्हीडीसारखा. त्याप्रमाणे भिंगही वेगळं, ब्लू-रेचं न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर ०.८५, तुमचं ०.६५ (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं त्याचं हे माप). आजोबांचा वाचायचा चष्मा लावून बसचा नंबर बघायला गेल्यासारखं होतं. दोन्ही वाचणारी यंत्रं निघाली होती, एलजीचं बीएच१०० वगैरे, पण ती आता चिंध्या बाजारातही दिसत नाहीत.

तोशिबाचा हिशेब तसा मूर्खपणाचा नव्हता. थर ०.६ वरच ठेवला तर डीव्हीडी छापणाऱ्या जुन्या कारखान्यांत थोडीफार फेरजुळणी करून नवी डिस्क निघते. ब्लू-रेला सगळंच नवं लागत होतं, आणि थर इतका वर असल्याने ओरखड्यांपासून वाचवायला कडक लेपही द्यावा लागला. त्या बदल्यात एका थरात २५ जीबी मावायचे, एचडी डीव्हीडीत १५. चित्राचं म्हणाल तर दोन्हीकडे १०८०पी आणि तेच तीन कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती. चांगली डिस्क जिंकली, वाईट हरली असं काही झालं नाही. प्लेस्टेशनमुळे लोकांच्या घरात ब्लू-रे खेळण्याच्या वाटेने शिरली. तोशिबाकडे तशी वाट नव्हती, एक्सबॉक्स या दुसऱ्या गेम कन्सोलचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागायचा.

आता दुरुस्ती. पहिलं म्हणजे पुन्हा प्लग लावून बघू नका, "कदाचित चालेल" या आशेने तर अजिबात नाही. १२० व्होल्टच्या यंत्राला २३० दिले की बऱ्याचदा फ्यूज आणि त्याच्या शेजारचा चपटा गोल व्हॅरिस्टर, म्हणजे जादा व्होल्टेज झेलणारा भाग, जातो. तो जीव देतो म्हणून मागचं वाचतं. मोठा कपॅसिटर फुगलाय का ते बघायला लागेल, पण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात करंट राहतो. टीव्हीचे सप्लाय दुरुस्त करणारा कोणीही चालेल. त्याला फक्त "पॉवर सप्लायचा प्रायमरी बघा" एवढं सांगा, डिस्कचं पुराण नको, नाहीतर तो घाबरतो.

ट्रान्सफॉर्मर लोहार चाळीत घ्या. २३० ते ११०, २०० वॅटचा, हातात घेतला की जड लागायला हवा. प्रवासातले हलके कन्व्हर्टर नकोत, ते इस्त्रीसाठी असतात.

सुटी_नाणी

मी त्या काळात ठाण्यात सीडी लायब्ररी चालवायचो. तुम्ही सांगताय त्या युद्धाचा इकडे कुणाला पत्ताच नव्हता. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणली, आमचं युद्ध ते होतं. भाड्याने दहा रुपयांना नेण्यापेक्षा लोक विकतच घ्यायला लागले. बरेच गिऱ्हाईक व्हीसीडीची दुसरी डिस्क बदलायला उठायला नको म्हणून डीव्हीडी मागायचे, चित्र बरं दिसतं म्हणून नव्हे. पहिली ब्लू-रे मी पाहिली ती मॉलमध्ये काचेच्या कपाटात. किंमत बघितली आणि कपाटाला हात न लावता मागे फिरलो.

पेन्शनर_नं_१

एवढा खटाटोप कशाला? सगळं मोबाइलवर मिळतं. भंगारवाल्याला द्या आणि नव्या घरात जागा करा.

निमकी

पेन्शनर काका, दादांनी "तोच, तसाच" असं लिहिलंय, ते वाचलंत ना? आणि मोबाइलवर आज असलेला सिनेमा उद्या जातो, विचारत नाही कुणी.

दादा, एक करून बघा. डबे उघडून डिस्कच्या मधल्या भोकाभोवतीची बारीक अक्षरं वाचा. काही डिस्क दुहेरी असायच्या, एका बाजूला एचडी डीव्हीडी, उलटी केली की साधी डीव्हीडी. तशा असतील तर निदान त्या आजच बघता येतील. फक्त डीव्हीडीची बाजू अमेरिकेची, रीजन १ ची (म्हणजे त्या भागातल्या प्लेअरवरच चालणारी) असू शकते, भारताचा ५. आपल्याकडचे स्वस्तातले जुने प्लेअर सगळेच रीजन चालवतात, एखाद्या शेजाऱ्याकडे असेलच. गंमत म्हणजे एचडी डीव्हीडीला रीजनची भानगडच नव्हती. जिंकलेल्या ब्लू-रेला आहे, अमेरिका ए आणि आपण सी.

प्लेअर नाहीच झाला तर एक्सबॉक्स ३६० चा जोडड्राइव्ह शोधा. यूएसबीने कॉम्प्युटरला लागतो. त्याच्या अडॅप्टरवर १०० ते २४० लिहिलंय का ते आधी वाचा, प्लीज! विस्टापासून पुढचं विंडोज डिस्क ओळखतं, पण चालवायला त्या वेळचं पॉवरडीव्हीडी अल्ट्रा हे सॉफ्टवेअरच लागेल, पुढच्या आवृत्त्यांतून कंपनीने एचडी डीव्हीडी काढून टाकलं.

माळेकर

सगळ्यांचे आभार. दिवाभीत, बेरीज-वजाबाकी मान्य, एकोणीस.

निमकी, सहा डिस्क दुहेरी निघाल्या. त्यातली एक समोरच्यांच्या जुन्या प्लेअरवर लगेच लागली. संच मात्र एकाच बाजूचा आहे. आणखी एक दिसलं. ट्यूबलाइटसमोर धरल्यावर संचाबाहेरच्या दुसऱ्या चार डिस्कच्या कडेला तांबूस, ढगाळ पट्टा दिसतो. चारही एकाच स्टुडिओच्या आहेत. ओरखडा एक नाही, कधी ऊन लागलं नाही. हे पुसून जातं का?

खटपट्या

नाही. ते आतून आहे, छपाईच्या वेळचा दोष, थर सडतो. पुसू नका, उगाच ओरखडे पडतील. त्या चार सोडून द्या. अशा डिस्क बहुधा दुसऱ्या थरावर गेल्या की अडकतात.

माळेकर

शेवटचं कळवतो. परळच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नेला. फ्यूज आणि व्हॅरिस्टर, खटपट्या म्हणाले तेच, वर एक कपॅसिटर. त्यांनी बजावल्याप्रमाणे मी डिस्कचं पुराण सांगितलं नाही, पण झाकणावरची अक्षरं वाचून त्यानेच विचारलं, "डीव्हीडीच आहे ना? मग एचडी कशाला?" मी हो म्हटलं. लोहार चाळीतला ट्रान्सफॉर्मर लोकलच्या गर्दीतून मांडीवर घेऊन आलो, अडीच-तीन किलो असेल, शेजारच्याने विचारलं गणपतीची मोटर का.

काल रात्री लावला. सुरू व्हायलाच जवळजवळ मिनिट घेतो, हे मी विसरलो होतो. मुलगी म्हणाली, "पप्पा, हँग झाला." मी म्हटलं थांब. मग तबकडी फिरल्याचा तो घर्रर्र आवाज आला आणि बर्फ दिसला. तिने आवाज वाढवायला रिमोट मागितला, पण रिमोट सापडलेलाच नाही, मग टीव्हीवरून वाढवला. मी तो संच पहिल्यांदाच आवाजासकट ऐकला. तीन डिस्क नीट चालल्या, चौथी मध्यावर दोनदा अडकली आणि पुढे गेली.

बायकोने प्लगला चिकटपट्टी गुंडाळून त्यावर मार्करने "भिंतीत लावू नये" लिहिलं आहे. ट्रान्झिटच्या घरात माळा नाही, त्यामुळे खोकं सध्या कपाटाखाली.

दिवाभीत, बीटामॅक्सच्या सात कॅसेटमध्ये काय आहे ते सांगितलं नाहीत.

दिवाभीत

सहांत क्रिकेट. सातवीत माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न. नवा धागा काढतो.