शेतकरी संघटना मुळातच मालमत्तेच्या हक्कासाठी होती का?

बांधावरून:
संघटनेच्या पहिल्या काही वर्षांवर लिहितोय. हल्ली ठासून सांगतात की चळवळ पहिल्यापासून मालमत्तेच्या हक्काची होती. मला हे मागाहून चिकटवलेलं वाटतं. 44व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, ती दुरुस्ती 20 जून 1979 ला लागू झाली. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यात चाकणला संघटना सुरू झाली. आणि मागणी कशाची? कांद्याच्या भावाची. जानेवारी 1980 चा वांद्रे (मुंबईचं नव्हे, चाकणकडचं गाव) ते चाकण मोर्चा तर पक्क्या रस्त्यासाठी. नोव्हेंबरात नाशिककडे रस्ते-रेल्वे अडले ते कांद्याला भाव आणि उसाला टनाला 300 रुपये मिळावेत म्हणून. घोषणा 'भीक नको, हवे घामाचे दाम'. नववं परिशिष्ट (जमिनीच्या कायद्यांना कोर्टापासून संरक्षण देणारी घटनेतली यादी), सीलिंग (जमीन किती ठेवायची याची कमाल मर्यादा) यांचा त्यात मागमूस नाही.

वऱ्हाडी पांढरं सोनं:
तुम्ही कलमं शोधताय, म्हणून सापडत नाहीत. 1972 पासून आमच्याकडे कापूस एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा. कापूस माझा, पण तेव्हा राज्याबाहेर विकला तर गुन्हा. तिकडे उसाला झोनबंदी होती (ऊस ठरवून दिलेल्या कारखान्यालाच घालायचा), धानाला लेव्ही (ठरावीक हिस्सा सरकारी भावाने सक्तीने द्यायचा). पिकवलेला माल मला हवा तिथे विकता येत नसेल तर तो माझ्या मालकीचा कसला? भाव पाडणं हे सरकारचं धोरणच आहे, असं संघटनेचे संस्थापक शरद जोशी सांगायचे ते याच अर्थाने.

बांधावरून:
मग जगातलं प्रत्येक भावाचं आंदोलन मालमत्तेच्या हक्काचं म्हणा की! 1980 साली मागणी होती उत्पादन खर्चावर आधारित भावाची, आणि ती सरकारकडेच. 'सरकार, बाजूला हो' हा सूर नंतर चढत गेला. कारणही उघड आहे. सीलिंग कोरडवाहूला 54 एकर. दोन-तीन एकरवाल्या कांदेवाल्याला त्याची झळ कुठून लागणार? त्याला पट्टी (माल विकून हातात आलेली रक्कम) किती निघाली याची चिंता. नववं परिशिष्ट आणणाऱ्या 18 जून 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीवर आज जे बोललं जातं ते बरोबर असेलही, पण ते 1980 च्या तोंडी घालू नका.

सातबारा:
दोघांचं भांडण बाप्यांचं चाललंय. नोव्हेंबर 1986 ला चांदवडला बायकांचं अधिवेशन झालं, त्याचं नावही नाही! पुढे लक्ष्मीमुक्ती. नवऱ्याने राजीखुशीने जमीन बायकोच्या नावे करायची, आणि शंभर घरांनी केली की गाव लक्ष्मीमुक्त. कायदा नाही, सक्ती नाही. आमच्या आईच्या नावे दीड एकर चढलं तेव्हा तलाठी आप्पांना म्हणाला, "काय, घर सोडून निघाला की काय?" फेरफाराला (मालकाच्या नावाची नोंद बदलायला) महिने लागले. मालमत्तेचा हक्क कागदावर उतरला तो असा. भाषणं राहू द्या, तलाठी दप्तरातले जुने फेरफार काढा.

बांधावरून:
ताई, मान्य. पण ते 1990 च्या आसपासचं. माझा विषय सुरुवातीचा आहे.

सातबारा:
सुरुवात कुणाची, भाऊ? 1980 ला रस्त्यावर बायकाही बसल्या होत्या. त्यांच्या नावावर काय होतं, हे तुमच्या टिपणात कुठल्या पानावर येणार तेवढं सांगा.

वऱ्हाडी पांढरं सोनं:
याचं उत्तर द्या आधी. झोनबंदीवर मी परत येतोच.