मदत हवी आहे: वापरलेली पोर्शे ९११ की नवी बीएमडब्ल्यू एम२? गाडी सोलापुरात रोज चालवायची आहे

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं या गाडीसाठी पैसे बाजूला टाकतोय. आता घ्यायची वेळ आली आणि दोन नावांवर अडकलोय. एक २०१७ची ९११ कॅरेरा, दुसरी नवीकोरी एम२. बजेटमध्ये दोन्ही बसतात.

आधी वापर सांगतो. घर होटगी रोडला, टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. सकाळी नऊ वर्षांच्या मुलीला शाळेत सोडून तसंच पुढे जायचं. पौर्णिमेला आईला घेऊन तुळजापूर, महिन्यातून दोनदा पुणं. आणि वर्षातून दोनदा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर. इथून नऊशे किलोमीटरच्या वर आहे आणि गाडी ट्रेलरवर टाकून न्यायची नाही. म्हणजे ज्या टायरवर आणि ज्या ब्रेकवर तिथं पळवणार, त्यांच्यावरच घरी परत यायचंय. माझी खरी अडचण हीच आहे.

गेल्या वर्षी तिथं सध्याच्या हॅचबॅकचं ब्रेक पेडल चौथ्या फेरीत मऊ पडलं. पाय खोल जातोय आणि गाडी थांबत नाही, पोटात गोळाच आला. ब्रेक फ्लुइड जुनं होतं, पाणी धरलेलं, तापून उकळलं. त्या दिवसापासून लॅप टाइमपेक्षा (एका फेरीला लागणारा वेळ) ब्रेक किती फेऱ्या टिकतात हेच आधी बघतो.

लॅप टाइम वाचूनही गोंधळ वाढलाच. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकला एम२नं ७ मिनिटं ३८ सेकंद लावले, हे पूर्ण २०.८३२ किमीच्या फेरीचं. पोर्शेच्या जीटी३चे (९११चंच ट्रॅकसाठीचं मॉडेल) २०२१चे दोन आकडे फिरतात, ६:५५ आणि ६:५९. पहिला २०.६ किमीचा, दुसरा पूर्ण फेरीचा. गाडी तीच, मोजणी वेगळी. शिवाय मी घेतोय ती जीटी३ नाहीच, साधी कॅरेरा.

आता रस्ता. परवा सकाळी सहाला टेप घेऊन आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर मोजला. उंची १४ सेंटीमीटर, रुंदी जेमतेम अडीच फूट, कडा सरळ उभ्या. प्लायवूडची पट्टी गाडीच्या पोटाच्या उंचीवर धरून वरून सरकवून पाहिली, मधोमध घासली. तिरकी काढली तर निभतं, पण समोरून रिक्षा आली की तिरकं व्हायला जागा कुठून आणायची? त्यात उसाच्या हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या, निम्म्यांना मागं दिवे नाहीत. आणि मे महिन्यात ४४ अंश.

विचारायचंय ते असं: ९११च्या मागच्या सीटवर मुलगी अजून किती वर्षं बसेल? गर्दीत, उन्हात रोज कुठली गाडी कमी त्रास देते? आणि ट्रॅकवरून सुखरूप घरी कुठली आणेल?

प्रतिसाद १

दादा, पुण्यात पाच वर्षं ९११ वापरतोय, त्यावरून सांगतो. वजनातला फरक बघा. तुमची कॅरेरा एम२पेक्षा दोनशे किलोच्या आसपास हलकी. हे ओझं प्रत्येक वळणाआधी ब्रेकला थांबवावं लागतं आणि टायरला वळवावं लागतं. पाचव्या-सहाव्या फेरीला ते जाणवतंच. इंजिन मागच्या चाकांच्याही मागं असल्यानं वळणातून बाहेर पडताना पकड जबरदस्त मिळते. पण वळणात शिरताना घाई केलीत तर पुढची चाकं सरळच जातात, ते शिकायला वेळ द्या.

मागची सीट मात्र लहान मुलांचीच. बारा-तेराची झाली की मुलगी कुरकुर करेल. आईंना मागं बसवायचा विचारच सोडा, त्यांना पुढं बसवा. चौघं नेहमी जाणार असाल तर एम२च घ्या, तिची डिकीही मोठी.

जुनी घेताना दोन गोष्टी सोडू नका. एक, फ्रंट लिफ्ट आहे का ते बघा. हा ऑप्शन होता, सगळ्या गाड्यांत नाही. बटण दाबलं की नाक ४० मिलिमीटरच्या आसपास उचलतं, गल्लीत नाक आदळायचं टळेल, मधोमध पोट घासतं त्याला मात्र थोडाच उपयोग. दोन, इंजिनच्या कॉम्प्युटरमधला ओव्हर-रेव्हचा (इंजिन मर्यादेपेक्षा जास्त फिरवल्याचा) रिपोर्ट काढून घ्या. आधीच्या मालकानं गाडी किती पिळली ते त्यात दिसतं.

आणि इन्शुरन्स. साध्या पॉलिसीत रेसिंग, स्पीड टेस्टिंग धरत नाहीत. ट्रॅकवर काही झालं तर खर्च आपल्याच खिशातून.

धागाकर्ता

मनापासून आभार. इन्शुरन्सचं मला माहीतच नव्हतं, आजच एजंटला फोन करतो. घरी बोललो, आई म्हणाली, मी पुढं बसेन. चौघं जायचं असेल तेव्हा घरची जुनी सेदान आहेच. म्हणजे ९११कडे कल झुकतोय, पण लिफ्ट असलेलीच हवी.

एकच राहिलं. ट्रॅकला निघताना रेसिंगचं फ्लुइड आणि पॅड इथूनच घालून जावं की तिथं पोचल्यावर बदलावं? थंड असताना ते पॅड नीट धरत नाहीत असं ऐकलंय, आणि पहाटे निघताना पहिलाच सिग्नल सात रस्ता चौकातला. कोणी हायवेवर तसे चालवले असतील तर नक्की सांगा.