रक्तशुद्धीच्या टॉनिकने रक्त खरोखर शुद्ध होते का?

प्रश्न
माझ्या वडिलांच्या मानेवर सहा महिन्यांत चार वेळा गळू झाले. रक्त बिघडले आहे असे ठरवून ते ‘रक्तशुद्धी व जोम’ देणारे एक टॉनिक रोज घेऊ लागले आहेत. बाटलीवर उपळसरी, मंजिष्ठा आणि सोनामुखी ही नावे आहेत. त्यांना रक्तदाबाची गोळीही चालू आहे. याने खरोखर काही होते का, आणि ही समजूत आली कोठून?

प्रतिसाद १
रक्तदुष्टीची कल्पना आयुर्वेदात जुनीच आहे. परंतु शुद्धी आणि जोम एकाच बाटलीत विकण्याचा व्यापार एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत फोफावला. मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथील आयर कंपनीच्या टॉनिकात सार्सापरिला या वेलीच्या मुळाबरोबर पोटॅशियम आयोडाइड आणि लोहही असे. ‘खराब रक्त’ हा तेव्हा तिकडे गरमी (सिफिलिस) या गुप्तरोगासाठी वापरला जाणारा सभ्य शब्द होता. आयोडाइडने त्या रोगाच्या उत्तरावस्थेतील गाठी विरघळत, मूळ रोग मात्र अंगात तसाच राही. तरीही गाठी गेल्याचे श्रेय मुळाला मिळे. लोहामुळे रक्तक्षय झालेल्यांना खरोखरच तरतरी येई, आणि माझ्या मते टॉनिकवरचा लोकांचा विश्वास अशा खऱ्या अनुभवांवरच पोसला गेला. आपल्या उपळसरीला इंग्रजांनी ‘हिंदी सार्सापरिला’ म्हटले आणि 1864 साली ब्रिटिश औषधकोशात स्थान दिले.

प्रतिसाद २
रक्तातील टाकाऊ द्रव्ये बाहेर काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. सोनामुखी रेचक आहे. कोठा साफ झाल्यावर जो हलकेपणा वाटतो, त्यालाच लोक शुद्धी समजतात. ती दीर्घकाळ रोज घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटू शकते, आणि रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक असेल तर हा धोका अधिक वाढतो. वारंवार गळू होण्यामागे मधुमेह असू शकतो, म्हणून उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी) या तपासण्या लांबणीवर टाकू नका.

प्रतिसाद ३
बाटलीवर किंवा तिच्या जाहिरातीत मधुमेह अथवा लैंगिक दुर्बलता बरी करण्याचा दावा असेल, तर तेही पाहून ठेवा. 1954 च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने अशा दाव्यांना मनाई केली आहे.

प्रश्नकर्ता
गोळीचे वेष्टन वाचले; तिच्यात लघवी वाढवणारा घटक आहे. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला वडील तयार झाले आहेत, आणि डॉक्टरांना दाखवण्यासाठी बाटलीही सोबत नेत आहे.