मांजरीने बोचकारल्यावर काखेत गाठ: चिरावी का?

विश्रामबाग, सांगली: मुलगी ९ वर्षांची, वजन २६ किलो. घरात चार महिन्यांचं पिल्लू आहे. ३ आठवड्यांपूर्वी त्याने तिच्या उजव्या मनगटावर बोचकारलं, तिथे बारीक लाल पुळी आली. आता उजव्या काखेत लिंबाएवढी दुखरी गाठ आहे, संध्याकाळी कणकण असते. घरात म्हणतात अवधाण (जखमेमुळे सुजलेली गाठ) आहे, उतरेल. शेजारी टीबी म्हणतात. गाठ चिरून घ्यावी का? पिल्लू सोडून द्यावं का?

बालरोग, मिरज: चिरू नका. पुळी आणि मग त्याच बाजूला १ ते ३ आठवड्यांत गाठ, हा क्रम बार्टोनेला हेन्सेली या जिवाणूचा वाटतो. डॉक्टरांना मांजराचं आधी सांगा, कारण गाठीतून सुईने नमुना घेऊन तपासला की ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचा पुंजका) यातही दिसतो आणि टीबीतही. आपल्याकडे त्यावरूनच टीबीची औषधं सुरू होण्याची भीती असते. सुई घातलीच तर नमुना सीबीनॅटलाही (टीबीचे जंतू शोधणारी चाचणी) पाठवायला सांगा. रक्तात बार्टोनेलाचं आयजीजी (या जिवाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण) १:२५६ किंवा जास्त आलं तर निदानाला बळ मिळतं.

बहुतेक गाठी २ ते ४ महिन्यांत आपोआप बसतात. ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिलं तर लवकर ओसरतात: पहिल्या दिवशी किलोला १० मिग्रॅ, पुढचे ४ दिवस ५ मिग्रॅ. म्हणजे २६ किलोला २६० आणि मग १३०, पण डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्यावरच. गाठ मऊ पडून पू झाला तर तो सुईने ओढतात. चीर दिली की ती जागा महिनोन्महिने वाहत राहू शकते. नजर अंधुक झाली, फिट आली किंवा ताप हटेना, तर त्याच दिवशी दाखवा. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा हृदयाची झडप खराब असेल, तर त्यांनी पिल्लापासून लांब राहावं.

पशुवैद्य, कराड: पिल्लू सोडू नका, पिसवा मारा. जिवाणू पिसवांच्या विष्ठेत असतो, ती नखांत अडकते आणि ओरखड्यातून आत जाते. बारीक फणीने केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तांबूस डाग उतरला तर पिसवा आहेत. मांजरांसाठीचं फिप्रोनिल हे पिसवा मारणारं औषध मानेवर, महिन्यातून एकदा, वजन बघून. कुत्र्यांचं परमेथ्रिनवालं औषध चुकूनही लावू नका, मांजर दगावतं. अंडी आणि अळ्या अंथरुणात, सतरंजीत असतात. ते कढत पाण्यात धुतलं नाही तर महिनाभरात पिसवा पुन्हा हजर. नखांची फक्त टोकं कापा.

विश्रामबाग, सांगली: रेबीजचं काय?

बालरोग, मिरज: पिल्लू आज ३ आठवड्यांनीही धडधाकट असेल तर त्या ओरखड्यातून रेबीजची भीती नाही. पुढे कधी ओरखडा आला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते मागून घ्या.