बिझनेस डिग्रीसाठी आधी देश ठरवा, कॉलेज मागाहून

कर्वेनगरकर
मॅनेजमेंट शिकायला परदेशी निघालेली मुलं रँकिंगची यादी वरून खाली वाचतात आणि जिथे प्रवेश मिळेल तिथे जातात. मला हे पटत नाही. आधी देश ठरवावा. डिग्री हातात पडल्यावर नोकरी शोधायला तिथे किती दिवस राहता येईल आणि नोकरी मिळाली तर पुढचा परवाना कशावर अडेल, एवढंच आधी पाहावं.

भाची यंदा बी.कॉम. होतेय, म्हणून हे सगळं खोदून काढलं. ब्रिटनमध्ये मास्टर्स एका वर्षात होतं. पण ग्रॅज्युएट रूटसाठी, म्हणजे डिग्रीनंतर तिथे राहून काम करायच्या परवान्यासाठी, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष मिळणार. पुढे स्किल्ड वर्कर या नोकरीच्या व्हिसाला पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड. नवख्यांना त्यात सवलत आहे, तरी आकडा छोटा नाही. अमेरिकेत ओपीटीचे, म्हणजे डिग्रीनंतर काम करायच्या परवानगीचे, १२ महिने, अभ्यासक्रम स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मोडत असेल तर आणखी २४. मग एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची ८५,००० जागांची सोडत, आणि सप्टेंबर २०२५ पासून नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क.

उलट जर्मनीत मानहाइम बघा. सरकारी विद्यापीठ, बिझनेससाठी तिथे नावाजलेलं. त्या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, म्हणजे आपल्याकडच्या खासगी कॉलेजांपेक्षाही कमी. राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंट नावाच्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरायचे, पण ते पैसे आपलेच, महिन्याला ९९२ काढून खायचे. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने. मला तरी यापेक्षा सरळ हिशोब कुठे दिसला नाही.

चर्चगेटवाली
काका, तुमच्या यादीत भारतच नाही! मी 'बजाज'ची, म्हणजे जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटची. मुंबई विद्यापीठाची ही संस्था १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झाली, सीईटी देऊन प्रवेश मिळतो, आणि फी परदेशाच्या तुलनेत किरकोळ. वर्गातून निघून लोकलने अर्ध्या तासात बीकेसीच्या आसपास पोचतो आपण. बँकेतली सीनियर संध्याकाळी येऊन दोन तास शिकवून जाते आणि मे महिन्यात तिच्याच टीममध्ये इंटर्नशिप लागते. धंद्याचं शिक्षण यातून होतं. जिथे पुढची वीस वर्षं काम करायचंय तिथली माणसं ओळखीची हवीत. मानहाइममध्ये जमवलेली ओळख ठाण्यात काय कामाची?

आणि भाचीला अनुभव किती? शून्य ना? मग एमबीएचा विचार आत्ता नकोच. दोन-तीन वर्षं नोकरी करू द्या, मग तीच सांगेल कुठे जायचं ते.

कोल्हापूरचा_मानहाइमला
इथेच शिकतोय म्हणून लिहितो. दादा, फीचे आणि अकाउंटचे आकडे बरोबर आहेत, पण चित्र अर्धंच आहे.

पहिलं, मॅनेजमेंटच्या मास्टर्सला पदवीत बिझनेसच्या विषयांचे ठराविक क्रेडिट्स लागतात. बी.कॉम., बीबीएवाल्यांनाही प्रत्येक विषय मोजून दाखवावा लागतो. आपल्याकडची निम्मी मुलं बी.ई. करून मॅनेजमेंटकडे वळतात, ती अर्जातच गळतात. दुसरं, एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली कागदपत्रं खरी असल्याचा जर्मन दाखला. मार्कशीटची तपासणी झाल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही, आणि मुलं याला सगळ्यात उशिरा हात घालतात.

तिसरं, आणि खरं दुखणं: भाषा. वर्ग इंग्रजीत, मित्र इंग्रजीत, त्यामुळे पहिलं वर्ष कळतच नाही. मग वेर्कस्टुडंटची, म्हणजे शिकता शिकता करायच्या अर्धवेळ कामाची, जागा शोधायला बसलं की मार्केटिंग, एचआर, कन्सल्टिंग, जिथे पाहावं तिथे 'अस्खलित जर्मन'. नदीपलीकडे लुडविग्सहाफेनमध्ये रसायनांची बीएएसएफ, जवळच वाल्डोर्फला सॉफ्टवेअरची एसएपी. कंपन्या दाराशी आहेत, पण दार जर्मन भाषेतच उघडतं. आयटी आणि डेटाच्या कामात इंग्रजीवर भागतं, विक्रीच्या कामात नाही. १८ महिन्यांवर भरवसा ठेवून येणाऱ्याने बी-टू पातळीची (ए-वन ते सी-टू या सहा पायऱ्यांतली चौथी) भाषा गाठीशी बांधूनच यावं. नाहीतर मुदत असून उपयोग नाही.

न्यूजर्सीकर
मी मूळ मुद्द्याच्याच विरोधात आहे. देश बदलतात, नियम दर दोन वर्षांनी बदलतात. ब्रिटनने पोस्ट-स्टडी परवाना २०१२ मध्ये बंद केला, २०२१ मध्ये पुन्हा आणला, आता पुन्हा आखडता घेतला. आजच्या नियमावर देश निवडाल आणि डिग्री होईपर्यंत नियमच पालटलेला असेल. कॉलेजचं नाव मात्र जन्मभर साथ देतं. इन्सेआद हे बिझनेस स्कूल घ्या: १९५७ पासून फ्रान्समध्ये फॉन्तेनब्लोला, पुढे सिंगापूरलाही कॅम्पस. दहा महिन्यांचा एमबीए. तिथून निघालेले लोक दुबई, सिंगापूर, लंडन, मुंबई कुठेही दिसतात. फ्रान्सचा व्हिसा काय म्हणतो, याने त्यांचं फारसं अडत नाही.

आणि त्या १ लाख डॉलरबद्दल: ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की अमेरिकेतच शिकून तिथल्या तिथे विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीवर जाणाऱ्यांना ते शुल्क लागू नाही. सोडतीची टांगती तलवार आहेच, पण घाबरवायचं असेल तर नीट माहितीवर घाबरवा.

सांगलीचा_बाप
तुम्ही सगळे व्हिसा आणि नाव यावर भांडताय. माझ्यासारख्याचा प्रश्न कर्जाचा आहे. मोठ्या कर्जाला सरकारी बँक तारण मागते, आणि शेतजमीन तारण घेत नाही. फ्लॅट किंवा एनए प्लॉट लागतो. आमच्याकडे ऊस आहे, फ्लॅट नाही. मग उरतात खासगी फायनान्सवाले, त्यांचा दर चढा. ४० लाखांवर साडेदहा टक्के धरा, अभ्यास चालू असतानाच महिन्याला ३५ हजार व्याज. नंतर दहा वर्षं हप्ता ५४ हजारांच्या आसपास. पोराला पुण्यात परत येऊन हा हप्ता झेपेल असा पगार लागेलच, हे कोण सांगणार? न्यूजर्सीकर साहेब, नाव जन्मभर साथ देतं म्हणता, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. नावाजलेल्या कॉलेजची फी तर यापेक्षा कितीतरी जास्त. ज्यांच्या मागे घरदार आहे त्यांनी नाव बघावं.

न्यूजर्सीकर
दादा, तुमचं दुखणं खोटं नाही. पण मग देश स्वस्त आहे म्हणून पोराला वाटेल त्या कॉलेजात पाठवू नका. मधलं, महाग, नाव नसलेलं कॉलेज, हाच खरा सापळा. एकतर अव्वल, नाहीतर 'बजाज'सारखं इथलं. ब्रिटनमध्ये तर जानेवारी २०२४ पासून संशोधनाऐवजी वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला जोडीदारालाही नेता येत नाही, तरी एजंट लोक तिथल्या शंभराव्या क्रमांकाच्या कॉलेजची माहितीपत्रकं वाटत फिरतात.

कर्वेनगरकर
सापळ्याचा मुद्दा शंभर टक्के. पण त्यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. अव्वल कॉलेजं मूठभर मुलांना मिळतात. बाकीच्यांसाठी देशाचा नियम आणि कर्जाचा हप्ता हेच दोन खांब. नियम बदलतात हे खरं, म्हणून ज्या देशात सुरुवातीचाच खर्च कमी तिथे जावं. उद्या मुदत कापली तरी घर बुडत नाही. इन्सेआदला चूक झाली तर सांगलीच्या घरात काय होईल, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

चर्चगेटवाली ताई, अनुभवाबद्दल तुमचं मत वेगळं ऐकायचंय. जर्मनीतलं मास्टर्स नवपदवीधरांसाठीच असतं, तिथे अनुभव सक्तीचा नाही. मग दोन वर्षं थांबून काय साधणार?

चर्चगेटवाली
पैसे साधणार, काका. तिचे स्वतःचे. आणि ब्लॉक्ड अकाउंट बापाने नाही, तिने भरलेलं असेल.

कोल्हापूरचा_मानहाइमला
थांबो वा न थांबो, दादा, पुण्यात बोट क्लब रोडच्या माक्स म्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला तिचं नाव आत्ताच घाला. ए-वनपासून बी-टूपर्यंत नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं सहज जातात. आणि तिच्या सहाही सेमिस्टरच्या मार्कशीट मला पाठवा, क्रेडिट्स भरतात का ते एकदा बसून मोजू.