उत्तर: पगार कमी पडतोय, बायकोला स्पॉन्सर करता येईल का?

पगार थोडा कमी पडतोय म्हणून वहिनींची ग्रीन कार्डची फाइल थांबवून ठेवू नका हो. अमेरिकेत आय-८६४ ला, म्हणजे स्पॉन्सरने भरायच्या आर्थिक हमीच्या फॉर्मला, पॉव्हर्टी गाइडलाइनच्या (सरकारने ठरवलेल्या गरिबीच्या उत्पन्न मर्यादेच्या) १२५ टक्के उत्पन्न लागतं, आणि घरातली माणसं मोजताना वहिनींनाही धरायचं, हे बरेच जण विसरतात. तुम्ही सिटिझन आहात ना, मग जेवढे कमी पडतात त्याच्या तिप्पट सेव्हिंग दाखवलं तरी चालतं, ग्रीन कार्डवाल्यांना मात्र पाचपट. तेही नसेल तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे तुमच्यासोबत हमी देणारा दुसरा माणूस घ्या, नातेवाईकच हवा असं काही नाही, पण सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला आणि अमेरिकेत राहणारा हवा. फक्त सही घेण्याआधी त्याला नीट समजावून सांगा प्लीज, कारण तुमचा घटस्फोट झाला तरी वहिनींना आर्थिक आधार द्यायची ती जबाबदारी सुटत नाही, साधारण वहिनी सिटिझन होईपर्यंत किंवा कामाचे ४० क्वार्टर (तिमाही, साधारण दहा वर्षांचं काम) भरेपर्यंत राहतेच.